इंजिन किती ताकदीचं घेऊ? कंट्रोल लाइन विमानाचं इंजिन निवडणं आणि जुळवणं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलंय. ऐकणाऱ्यांना मधे मधे रेल्वेचा भोंगा ऐकू आला असेल, त्याला इलाज नाही. मिरज जंक्शन आहे, आणि माझी खोली रुळांपासून लांब नाही.

आजचा विषय एका मुलाच्या प्रश्नावरून निघाला. मुलगा अकरावीत आहे, एनसीसीच्या एअर विंगमध्ये आहे. तिथं एरोमॉडेलिंग शिकवतात, आणि वायुसैनिक कॅम्पला त्याच्या स्पर्धाही असतात. तो घरी आला आणि म्हणाला, "काका, चाळीसचं इंजिन स्वस्तात मिळतंय. माझं विमान पंचवीसचं आहे. लावू का? ताकद जास्त असली तर काय बिघडणार?"

प्रश्न साधा आहे, आणि या छंदात पडलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, मग कारणं देतो. कंट्रोल लाइन विमानाचं इंजिन ताकद बघून घ्यायचं नाही. टाकी भरल्यापासून रिकामी होईपर्यंत जे एकसारखं चालेल ते घ्यायचं, आणि तसंच चालेल असं ते जुळवायचं.

हात हँडलवर, इंजिनवर नाही

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. कंट्रोल लाइन विमान म्हणजे दोन बारीक स्टीलच्या वायरींना बांधलेलं विमान. मधोमध उभं राहून आपण हातात हँडल धरतो आणि विमान आपल्याभोवती फिरतं. हँडल वर-खाली वाकवलं की वायरी विमानातल्या बेलक्रँकला ओढतात, आणि शेपटीतला एलेव्हेटर हलतो. ही पद्धत अमेरिकेत पोर्टलंडच्या जिम वॉकरनं १९४०च्या सुमाराला लोकप्रिय केली. पुढे १९४७ मध्ये रे आर्डेननं ग्लो प्लग बाजारात आणला आणि छोट्या इंजिनांमधून कॉइल, बॅटरी, पॉइंट हे सगळं ओझं गेलं.

आता मुद्दा बघा. रेडिओवाल्याच्या हातात थ्रॉटल असतं. इंजिन गडबडलं तर तो कमी-जास्त करून उतरवू शकतो. आपल्या साध्या कंट्रोल लाइनमध्ये थ्रॉटल नसतंच. विमान सोडलं की इंजिन इंधन संपेपर्यंत जसं लावलंय तसं चालणार. म्हणजे सगळे निर्णय जमिनीवर, आधीच घ्यायचे.

आणि इंजिन गडबडलं तर काय होतं, ते आकड्यांत सांगतो. समजा हँडलपासून विमानापर्यंत १६ मीटर अंतर आहे. एक फेरी म्हणजे साधारण १०० मीटर. फेरीला ५ सेकंद लागली तर वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. ९०० ग्रॅमचं विमान या वेगाला वायरी साधारण २.३ किलोच्या जोरानं ओढतं. विमान डोक्यावर आलं की त्याचं स्वतःचं वजन या ओढीतून वजा होतं. म्हणजे वर उरते १.४ किलो. ती पुरेशी आहे.

आता इंजिन मंदावलं आणि फेरी ८ सेकंदांची झाली असं धरा. ओढ वेगाच्या वर्गानं घटते. या वेगाला ती जेमतेम विमानाच्या वजनाइतकी राहते. डोक्यावर आल्यावर? शून्य. वायरी ढिल्या पडतात, हँडल कितीही हलवा, एलेव्हेटरला काही कळत नाही. ते विमान आता विमान राहिलं नाही, तुमच्या डोक्यावर सोडलेलं ९०० ग्रॅमचं लाकूड आहे, आणि त्याच्या नाकावर प्रॉपेलर फिरतोय.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझं पहिलं पंचवीसचं विमान असंच गेलं. जमिनीवर नीडल आवळत आवळत इंजिन चांगलं किंचाळायला लागेपर्यंत नेलं होतं. ऐकायला मस्त वाटत होतं. पहिल्याच वेळी विमान डोक्यावरून नेताना आवाज अचानक पातळ झाला, मग दबला, आणि वायरी हातात मऊ लागल्या. मी मागं पळालो, तेवढी बुद्धी झाली. विमान मी उभा होतो तिथंच पडलं. चूक संपूर्ण माझी. इंजिनमध्ये काहीच दोष नव्हता, तेच इंजिन पुढे दुसऱ्या विमानावर कितीतरी वर्षं चाललं.

आकडा काय सांगतो

पंधरा, पंचवीस, चाळीस हे आकडे म्हणजे सिलिंडरचं आकारमान, घनइंचाच्या शंभराव्या भागांत. पंधरा म्हणजे सुमारे २.५ सीसी, पंचवीस म्हणजे ४.१, पस्तीस म्हणजे ५.७, चाळीस म्हणजे ६.५ सीसी. जागतिक स्पर्धांत वेग, टीम रेस आणि कॉम्बॅट या प्रकारांना २.५ सीसीची मर्यादा असते. कसरतीच्या प्रकारात, म्हणजे एफ-२-बीमध्ये, मोठी इंजिनं चालतात.

शिकणाऱ्यानं पंधरा ते पंचवीसमध्ये राहावं असं माझं मत. अगदी छोटी, कॉक्सच्या ०४९सारखी, दिसायला गोड असतात. पण विमान हलकं, ओढ कमी, आणि आपल्याकडचा दुपारचा वारा त्याला कागदासारखं उडवतो. पंधराला १३ ते १५ मीटर वायर चालते, पंचवीसला १५-१६ मीटर, पस्तीस-चाळीसला १८ मीटरच्या आसपास. विमान आणि वायर इंजिनाच्या मापानं ठरतात. एक बदललं की सगळं बदलतं.

म्हणून त्या मुलाला मी नको म्हटलं. पंचवीसच्या विमानावर चाळीसचं इंजिन बसवलं की नाक सत्तर-शंभर ग्रॅमनं जड. तोल पुढं सरकला की विमान वळायला कुचराई करतं. मग शेपटीत शिसं घालायचं. आता विमानही जड, वेगही जास्त, आणि वायरी मात्र पंचवीसच्या जाडीच्या. ताकद वाढवायला गेलो आणि ओढ इतकी वाढवली की सगळ्यात कमजोर दुवा कुठला ते उडतानाच कळणार. फुकट मिळालं तरी महागात पडणारं इंजिन आहे ते.

ग्लो, डिझेल की मोटर?

ग्लो इंजिनात मिथेनॉल जळतं. प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचं छोटं वेटोळं असतं. सुरू करताना ते दीड व्होल्टच्या सेलनं लाल करायचं. नंतर सेल काढला तरी मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमवर आली की उष्णता तयार होत राहते, आणि स्फोटांची उष्णता असतेच, त्यामुळे तार धगधगत राहते. ठिणगीची वेळ ठरवणारं इथं काही नाही. मिश्रण, दाब आणि तापमान मिळूनच वेळ ठरवतात. म्हणून नीडलचा छोटासा फरकही इंजिनाची चाल बदलतो.

ज्याला मॉडेलवाले डिझेल म्हणतात त्यात इथर, रॉकेल आणि एरंडेल असतं. प्लग नाही, सेल नाही. वरच्या स्क्रूनं दाब कमी-जास्त करायचा. इंग्लंडची पीएडब्ल्यू इंजिनं या जातीची. मोठा प्रॉपेलर शांतपणे ओढतात, इंधन कमी पितात. पण इथर सहज पेटतं, त्याची वाफ गुंगी आणते, आणि ते मिळवणं सोपं नाही. शिकणाऱ्याला मी ग्लो सुचवतो.

तिसरा पर्याय इलेक्ट्रिक मोटर. टायमर लावला की ठरलेल्या वेळी मोटर बंद, वेग एकसारखा, तेलाचे डाग नाहीत. घरात लहान मुलं असतील, इंधन ठेवायला कुलपाची जागा नसेल, तर खुशाल मोटर घ्या. त्यात कमीपणा काही नाही. मात्र आजचा भाग ग्लोवाल्यांसाठी.

जुनं इंजिन घेताना

आपल्याकडे बरीच इंजिनं हातोहात फिरतात. कुणाच्या माळ्यावर ओएसचं पंचवीस सापडतं, कुणाकडे एन्या, कुणाकडे फॉक्सचं पस्तीस. बघायचं काय? प्रॉपेलर लावून हळू फिरवा. वरच्या टोकाला दाब लागला पाहिजे आणि तो लगेच सुटता कामा नये. शाफ्ट बोटांनी वर-खाली हलवून बघा. खडखड असेल तर बेअरिंग गेलंय.

इंजिन अजिबात फिरत नसेल तर लगेच भंगार समजू नका. एरंडेल वाळून डिंकासारखं झालेलं असतं. प्रॉपेलरला लोंबकळून जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. हेअर ड्रायरनं गरम करा, पातळ तेलाचे दोन थेंब टाका, थांबा. बहुतेक वेळा सुटतं.

काही इंजिनं थंड असताना वरच्या टोकाला घट्ट लागतात, किंचित कुरकुरतात. ती एबीसी किंवा एबीएन जातीची: पितळी स्लीव्हवर क्रोम किंवा निकेल, आत अॅल्युमिनियमचा पिस्टन. तो घट्टपणा मुद्दाम ठेवलेला असतो. गरम झाल्यावर स्लीव्ह फुगते आणि बरोबर माप येतं. ते घासून सैल करायला जाऊ नका.

आणखी एक. बाजारात जास्त करून रेडिओची, म्हणजे कार्ब्युरेटरवाली इंजिनं मिळतात. ती चालतात. कार्ब्युरेटर पूर्ण उघडा ठेवून तारेनं पक्का बांधायचा. पण त्याचं तोंड मोठं, त्यामुळे इंधन खेचायची शक्ती कमी. शक्य असेल तर साधी व्हेंचुरी बसवून घ्या. तोंड लहान केलं की ताकद थोडी जाते, खेच वाढते, आणि विमान वर-खाली, उलटं-सुलटं झालं तरी इंधन तुटत नाही. हा सौदा डोळे मिटून करावा.

बसवणं: लाकूड, बोल्ट, टाकी

इंजिन ज्या दोन लाकडी पट्ट्यांवर बसतं त्या बाल्साच्या चालत नाहीत. बीच किंवा सागवान, सरळ शिरांचं, आणि पट्ट्या पंखाच्या पुढच्या कडेपर्यंत मागे गेलेल्या. खाली लॉकनट लावा. इंजिन थरथरलं की टाकीतल्या इंधनाला फेस येतो, फेसाबरोबर हवा जाते, मिश्रण लीन होतं. आपण नीडलला दोष देत बसतो आणि दोष सैल बोल्टचा असतो. प्रॉपेलरचा तोलही बघा. खिळ्यावर अडकवून जड पातं घासायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

प्रॉपेलर कुठला? पंचवीसला ९×४. पहिला आकडा व्यास, दुसरा एका फेऱ्यात किती इंच पुढं जायचं ते. ४ इंच म्हणजे १० सेंटीमीटर. मिनिटाला पावणेबारा हजार फेरे झाले तर हिशेबानं ताशी ७२ किलोमीटर येतात, म्हणजे मघाची ५ सेकंदांची फेरी. प्रत्यक्षात थोडं मागंपुढं होतं. पण वेग हवा तेवढाच ठेवायचा असेल तर कमी पिचचा प्रॉपेलर हा सगळ्यात स्वस्त उपाय.

टाकीबद्दल मात्र नीट ऐका, कारण निम्म्या तक्रारी तिथल्या असतात. विमान गोल फिरतं तेव्हा इंधन बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. म्हणून इंधन खेचणारी नळी टाकीच्या बाहेरच्या, मागच्या कोपऱ्यात हवी. साध्या टाकीत पातळी उतरत जाते तसं मिश्रण लीन होत जातं. सुरुवातीला जे बरोबर होतं ते शेवटी कोरडं पडतं. त्यावर युनिफ्लो टाकी. यात हवा आत येणारी नळी खेचणाऱ्या नळीच्या तोंडाजवळ नेऊन सोडतात, म्हणजे टाकी भरलेली असो की अर्धी, इंजिनला दाब सारखाच. घरी पत्र्याची टाकी करत असाल तर हाच प्रकार करा.

उंची? टाकीचा मध्य स्प्रेबारच्या रेषेत. नंतर उडवून तपासायचं. सुलट दोन फेऱ्यांचा वेळ मोजा, मग उलट दोन फेऱ्यांचा. उलट असताना जोरात पळत असेल तर टाकी उंच बसलीय, दीड मिलिमीटर खाली घ्या. सुलट असताना जोरात पळत असेल तर तेवढीच वर. एकदा जमलं की विसरून जा.

इंधन, आणि एक गंभीर गोष्ट

साधं इंधन म्हणजे मिथेनॉल ७५ ते ८० टक्के आणि बाकी तेल. जुन्या, साध्या बुशच्या इंजिनांना तेल पावशेरकीच्या हिशेबानं द्या, म्हणजे २५ टक्के, आणि त्यातलं निदान अर्धं एरंडेल. एरंडेल गरम झालं तरी पातं सोडत नाही, लीन झालेल्या इंजिनाला तेवढंच वाचवतं. नायट्रोमिथेन ५ ते १० टक्के असेल तर चाल सुधारते, नसलं तरी उडतं.

आता गंभीर गोष्ट. मिथेनॉल दारूसारखं दिसतं, तसाच वास येतो, आणि ते विष आहे. थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाते, जीव जातो. २०१५च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलमुळेच. म्हणून त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत, आणि असायलाच हवेत. रीतसर विक्रेत्याकडून तयार मॉडेल इंधन घ्या. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही, अगदी मैदानावर नेण्यापुरतंसुद्धा, भरू नका. मूळ डबा, मोठ्या अक्षरांत चिठ्ठी, कुलूप. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही हेही लक्षात ठेवा. सांडलं आणि पेटलं तर कळतं ते चटका बसल्यावर.

सप्तक ओळखायला शिका

आता नीडल. इथं मला मिरजकर असल्याचा फायदा झाला.

आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना तुम्ही कधी उभे राहिला असाल तर आठवा. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, पण कारागिरी त्याच्या दीडशे वर्षं आधीपासूनची. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवतात. एका जागी आवाज बोदा, थोडं पुढं गेलं की कर्कश, आणि मधल्या एका जागी तार खुलते. कारागीर घोडीकडे बघत नाही, ऐकत असतो. नीडलचंही तसंच आहे, आकड्यांनी लागत नाही.

आपलं इंजिन टू-स्ट्रोक. नीट चाललं तर प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. पण मिश्रण रिच असेल, म्हणजे इंधन जास्त असेल, तर एक फेरा सोडून पेटतं. ज्यांनी लूना किंवा जुनी येझदी चोक ओढून चालवलीय त्यांना तो आवाज माहीत आहे: भड-भड, भड-भड. याला फोर-सायकल म्हणतात. नीडल आवळत गेलात की एका जागी आवाज उडी मारून वर जातो. स्फोटांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली, म्हणजे सूर जवळजवळ एक सप्तक चढला. ती उडी ओळखायला आली की नीडल लावायला आली.

कुठं ठेवायचं? फॉक्स पस्तीससारखी जुन्या घडणीची इंजिनं जमिनीवर फोर-सायकलमध्येच ठेवून सोडतात. सरळ उडताना ती भड-भड करतात आणि विमान चढायला लागलं की आपोआप वरच्या सुरात जातात, खाली आलं की परत. जिथं ताकद हवी तिथंच मिळते, थ्रॉटल नसताना. ओएस पंचवीससारख्या नंतरच्या इंजिनांना ही उडी तितकी जमत नाही. ती उडीच्या किंचित वर, ओलसर टू-सायकलमध्ये ठेवायची.

दोन्ही बाबतींत एक नियम: जमिनीवर वाटतं त्यापेक्षा थोडं रिच सोडा. हवेत गेल्यावर प्रॉपेलरवरचा भार कमी होतो, फेरे वाढतात आणि मिश्रण आपोआप लीनकडे सरकतं. खात्री करायची तर मदतनिसानं विमान घट्ट धरून नाक आभाळाकडे करावं. आवाज किंचित चढला तर बरोबर. पातळ होऊन दबायला लागला तर नीडल पाव फेरा सोडा. माझ्या त्या पहिल्या विमानाचं नाक मी वर करून बघितलं असतं तर जमिनीवरच कळलं असतं.

दुसऱ्या गावचा आकडा इथं चालत नाही. मिरज समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, हवा कोकणापेक्षा सुमारे पाच टक्के विरळ. एप्रिलमध्ये सकाळी सातला लावलेली नीडल अकराला तीच राहत नाही. प्रत्येक वेळी ऐका.

नवीन इंजिन लगेच उडवू नका. लोखंडी पिस्टनचं किंवा रिंगवालं असेल तर स्टँडवर बांधून रिच, दोन-तीन मिनिटं चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, परत. अशी अर्धा-पाऊण तासाची चाल झाली की उडवा. एबीसी जातीला मात्र फार रिच, थंड चालवलं तर वरचा घट्टपणा झिजतो. ते गरम करून, उडीच्या आसपास, छोट्या छोट्या खेपांत चालवा. संपताना टाकी कोरडी होऊ द्या आणि आत तेलाचे थेंब सोडा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात बेअरिंग गंजायला एक आठवडा पुरतो.

बोटं, वायरी आणि विजेच्या तारा

सुरू करताना बोट नाही, रबर लावलेला लाकडी दांडा. नीडलला हात घालायचा तो प्रॉपेलरच्या मागून. कोणीही प्रॉपेलरच्या रेषेत उभं राहायचं नाही. दर वेळी उडवण्याआधी वायरी ओढून तपासा. एफ-२-बीच्या स्पर्धांत विमानाच्या वजनाच्या दहापट ओढतात. ९०० ग्रॅमला ९ किलो, स्प्रिंगचा काटा लावून. मनगटाला पट्टा बांधा, हँडल सुटलं तरी विमान सुटू नये.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या हातात स्टीलच्या वायरी आहेत. मिरजेत रुळांवर २५,००० व्होल्टच्या तारा आहेत, शेतांवरून महावितरणच्या ११ हजारांच्या. वायर त्यांना लागली तर दुसरी संधी नाही. उसाच्या पट्ट्यातली मोकळी जागा छान दिसते, पण आधी वर बघा. वायर आणि विमान मिळून जेवढी लांबी होईल त्याच्या कित्येक पट लांब राहा. वळवाचे ढग जमले, लांब कुठं गडगडलं, की हँडल खाली ठेवा.

त्या मुलाचं काय झालं? चाळीसचं त्यानं घेतलं नाही. वापरलेलं पंचवीस मिळालं, डिंक धरलेलं. दोन संध्याकाळी हेअर ड्रायर चालवून सोडवलं, त्याच्या आईनं लाइट बिलाची आठवण करून दिली. गेल्या रविवारी स्टँडवर चालवलं. नीडल त्याच्या हातात होती, मी पाठ करून उभा होतो आणि उडी ऐकू आली की हात वर करायचा असं ठरलं होतं. पहिल्या तीन वेळा माझा हात आधी वर गेला. चौथ्या वेळी तोच म्हणाला, "काका, आता." बरोबर होतं.

विमान अजून उडालेलं नाही. बेलक्रँक आणि वायरी बाकी आहेत, आणि पुढचा भाग त्यावरच करू. तोपर्यंत तुमच्या माळ्यावरचं इंजिन खाली काढा, फिरतंय का बघा आणि कळवा. भेटू.